कालनिर्णयवरचा शूचा हिशोब

आमच्या स्वयंपाकघरात फ्रिजच्या बाजूला कालनिर्णय टांगलेलं असतं आणि त्याच्या प्रत्येक चौकोनात दोन हिशोब असतात. एक आईंचा, म्हणजे सासूबाईंचा, दुधाच्या खाड्यांचा, निळ्या पेनाने. दुसरा माझा, लाल पेनाने, ३, ४, ३, मध्येच २ आणि त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह. पाहुणे विचारतात हे लाल काय, कुणाला इन्सुलिन वगैरे चालू आहे का, आणि आई चहा गाळता गाळता शांतपणे सांगतात, "नाही हो, बोक्याच्या शूचा हिशोब आहे तो." पुढे कुणी काही विचारत नाही.

तर हा हिशोब कसा सुरू झाला ते लिहिते.

पेढ्या आमचा बोका. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये पार्किंगमध्ये स्कूटरच्या डिकीखाली सापडला, तळहाताएवढा होता, रंग कंदी पेढ्यासारखा खरपूस म्हणून पेढ्या. आठव्या महिन्यात नसबंदी केली, लसी वेळच्या वेळी, खाणं कायम कोरडं म्हणजे किबल, कारण सोपं पडतं, वाटी भरून ठेवली की ऑफिसला जायला आपण मोकळे. चार वर्षांत कधी शिंकला पण नाही. त्यामुळे दवाखाना म्हणजे वर्षातून एकदा इंजेक्शन, घरी येऊन दोन तास आमच्याशी अबोला, एवढंच.

२०२४ चे गणपती. आमच्याकडे गौरी-गणपती असतात, ७ सप्टेंबरपासून १२ पर्यंत घरात अकरा माणसं, त्यात तीन पोरं जी पेढ्याला दिवाणाखालून शेपटी धरून काढायला बघत होती. आम्ही पुण्यात पेरुगेटाजवळ राहतो म्हणजे दहा दिवस ढोल-ताशा, स्पीकर, फटाके सगळं खिडकीतच. पेढ्या दिवाणाखाली गेला तो फक्त रात्री बाहेर यायचा. मला वाटलं दरवर्षीसारखंच आहे, घाबरलाय, विसर्जन झालं की होईल नीट. पाणी पितोय का, ट्रेमध्ये जातोय का, याकडे लक्ष द्यायला वेळ कुणाला होता, पुरणाचं बघणार की मांजराच्या वाळूचं.

१७ तारखेला अनंत चतुर्दशी. दुपारी जरा निवांत बसले तर पेढ्या ट्रेमध्ये जाऊन बसलाय. बसलाय तो बसलाच. पाच मिनिटांनी बाहेर आला, स्वतःला चाटत बसला, परत आत. असं तासाभरात सहा-सात वेळा. मी म्हटलं, "अहो आई, याला होत नाहीये वाटतं." आई म्हणाल्या, "अगं, पोट साफ होत नसेल, अर्धा चमचा तूप दे कोमट करून." दिलं तूप. त्याने चाटलं नाही म्हणून बोटाने तोंडात लावलं, आता आठवलं की स्वतःच्याच डोक्यात टपली मारावीशी वाटते. मग नेहमीच्या दवाखान्यात फोन केला, तिकडून सांगितलं डॉक्टर आज नाहीत, सुट्टी आहे, बद्धकोष्ठ असेल तर पातळ औषध द्या आणि उद्या सकाळी आणा. नर आहे की मादी आहे हे पण विचारलं नाही. खरं सांगायचं तर विचारलं असतं तरी त्याने काय फरक पडतो हे मला तेव्हा कळलं नसतं.

संध्याकाळी सहाच्या सुमारास पेढ्या ट्रेमध्ये बसून ओरडला. मांजराचं नेहमीचं म्याव नाही, खालून घशातून आलेला लांब आवाज. मग कोपऱ्यात जाऊन पिवळं पाणी ओकला. तेव्हा मी वरच्या मजल्यावरच्या काकूंकडे पळाले, त्या वाड्यातल्या आठ-दहा मांजरांना रोज खायला घालतात, सगळी स्वतःच्या पैशाने ऑपरेट करून आणली आहेत, सोसायटीत त्यांच्याबद्दल तक्रारी करणाऱ्यांत एकेकाळी आम्ही पण होतो. काकूंनी दारातच विचारलं, "बोका आहे ना तो? लघवी शेवटची कधी केली?" मला सांगता येईना. खाली येऊन ट्रे उकरला, सकाळपासूनची वाळू कोरडी ठणठणीत, एक ढेकूळ नाही. "उद्या-बिद्या काही नाही, आत्ता निघ," म्हणाल्या आणि स्वतःच कोथरूडमधल्या मांजरांच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावून दिला.

आता अनंत चतुर्दशीच्या संध्याकाळी पेरुगेटाहून कोथरूडला जाणं म्हणजे काय ते पुणेकरांना सांगायला नको. एका बाजूला कुमठेकर रस्ता, दुसऱ्या बाजूला टिळक रस्ता, दोन्हीकडे मिरवणूक, गाडी काढायचा प्रश्नच नाही. नवऱ्याने कॅरियर छातीशी धरला, मी वरून ओढणी टाकली आणि चालत निघालो. टिळक रस्त्यावर एका मंडळाचं ढोलपथक समोर वाजवतंय, शंभर तरी ढोल असतील, कॅरियरचं प्लास्टिक हाताखाली थरथरत होतं आणि आतून काही आवाजच नाही, तेच जास्त भीतीदायक. एका हवालदारांना सांगितलं मांजर सिरियस आहे, ते हसले नाहीत याचं मला आजही नवल वाटतं, दोन पथकांच्या मधल्या जागेतून आम्हाला पलीकडे काढलं. मग नवी पेठ, शास्त्री रस्ता, म्हात्रे पुलापर्यंत चालत, पुलाच्या पलीकडे दिराने गाडी आणून ठेवली होती.

दवाखाना छोटाच, एका बंगल्याच्या तळमजल्यावर. पण काही गोष्टी बघून मला लगेच जाणवलं की हे मांजर कळणाऱ्या माणसाने लावलंय. कुत्र्यांची बसायची खोली वेगळी, मांजरांची वेगळी, आणि भिंतीला कमरेच्या उंचीवर फळ्या मारलेल्या, कॅरियर जमिनीवर ठेवायचाच नाही. तिथले दादा म्हणाले, खाली ठेवलं की यांना वाटतं आपण खड्ड्यात आहोत. डॉक्टर मॅडमनी पेढ्याला ओढून बाहेर काढलं नाही, कॅरियरचे क्लिप काढून वरचं झाकण उचललं आणि तो खालच्या अर्ध्या भागात बसलेला असतानाच पोटाखाली हात घातला. दोन सेकंद. "ब्लॉक झालाय." मग माझा हात धरून तिथे ठेवला, "हलक्या हाताने बघा, दाबू नका." मोसंबीएवढा घट्ट गोळा. मांजराच्या पोटात असं काही लागू शकतं हे मला माहीतच नव्हतं.

मग त्यांनी तयारी करता करताच सांगितलं. बोक्याची लघवीची नळी टोकाकडे फार अरुंद होत जाते, मांजरीची रुंद असते आणि आखूड असते, म्हणून हे बहुतेक वेळा बोक्यांनाच होतं. मूत्राशयाला सूज येते, त्यातला चिकट पदार्थ आणि बारीक खडे मिळून बूच तयार होतं आणि नळीत बसतं. टेन्शनने पण सूज येते, घरात पाहुणे, आवाज, जागा बदलणं, काहीही पुरतं. वर कोरडं खाणं, कमी पाणी, घट्ट लघवी. बूच बसलं की लघवी मागे तुंबते, किडन्या काम थांबवतात, रक्तातलं पोटॅशियम चढतं आणि ते हृदय बंद पाडतं. पूर्ण बंद झालेला बोका दोन-तीन दिवसांत जातो, काही त्याच्याही आधी. सकाळपर्यंत थांबलो असतो तर काय, हे मी विचारलं नाही आणि त्यांनी पण सांगितलं नाही.

रक्त पुढच्या पायातून घेतलं, त्यासाठी पायावरचे केस मशीनने काढले, गुलाबी कातडीचा चौकोन दिसायला लागला. क्रिएटिनीन, म्हणजे किडन्या किती काम करतायत ते सांगणारा आकडा, ६.८, एरवी दोनच्या आसपास किंवा खालीच असतं. पोटॅशियम ७.९, म्हणजे साडेपाचच्या खाली पाहिजे ते. अंग गार, ९८ फॅरनहाइट, मांजराचं नॉर्मल १०० च्या वर असतं हे पण तेव्हाच कळलं. हृदयाचे ठोके १२०. मी म्हटलं १२० म्हणजे खूप फास्ट ना, दादा म्हणाले, "ताई, दवाखान्यात आलेल्या मांजराचे १८०-२०० पाहिजेत." सही करायचा कागद आला, भूल दिल्यावर जिवाला धोका आहे याची कल्पना दिली आहे वगैरे, नवऱ्याने सही केली, माझा हात धड चालत नव्हता.

आधी सलाइन आणि हृदय सांभाळायला कॅल्शियमचं इंजेक्शन, तेही एकदम नाही, ईसीजीच्या पडद्याकडे बघत थेंब थेंब. ठोके जरा सुधारल्यावर थोडीशी भूल आणि मग लघवीच्या वाटेतून आत घालायची नळी. आम्हाला बाहेर थांबायला सांगितलं पण दाराला काच होती. नळी लगेच जात नाही, टोकाशी अडते, मग सिरिंजने सलाइन मारत मारत बूच आत ढकलायचं किंवा फोडायचं, परत, परत. वीस-पंचवीस मिनिटं मॅडमची फक्त पाठ दिसत होती. एकदम त्यांचे खांदे खाली आले आणि दादांनी ट्रे पुढे केला. कोकम सरबताच्या रंगाचं. नवरा म्हणाला, "रक्त आहे सगळं," आणि आत मॅडम चक्क हसत होत्या.

रात्री अकरा वाजता बाहेर येऊन त्यांनी आम्हाला मायक्रोस्कोपमधून बघायला लावलं. लघवीचा एक थेंब, त्यात काचेसारखे चौकोनी तुकडे, वरून उतरतं छप्पर असल्यासारखे. पुस्तकात याला शवपेटीचं झाकण म्हणतात म्हणाल्या, मला तर ती कोकणातली कौलारू घरं वाटली, एकाला एक लागून. स्ट्रुव्हाइट. हे खडे योग्य खाण्याने विरघळतात, दुसऱ्या एका प्रकारचे विरघळत नाहीत ते ऑपरेशननेच काढावे लागतात, त्यातल्या त्यात आपलं नशीब बरं. सोनोग्राफीत मोठा खडा नव्हता, नुसती वाळू.

नळी तीन दिवस ठेवली. नळीचं दुसरं टोक आयव्ही सेटला जोडून रिकाम्या सलाइनच्या बाटलीत सोडलेलं, बाटली पिंजऱ्याच्या खाली, आणि दर दोन तासांनी किती आलं ते पाटीवर. पहिल्या सहा तासांत २५० मिली! मी म्हटलं वा, छान झाली, तर मॅडम म्हणाल्या आता हीच काळजी, तुंबलेलं मोकळं झालं की किडन्या धरबंद सोडतात, पाणी आणि क्षार वाहून जातात, जेवढं बाहेर येतंय त्या हिशोबाने सलाइन आत गेलं पाहिजे नाहीतर दुसऱ्या बाजूने गोत्यात. म्हणजे आदल्या संध्याकाळी थेंब येत नाही म्हणून रडत होतो आणि आता फार येते म्हणून. पोटॅशियम पण आता खाली घसरू नये म्हणून परत परत तपासायचं. दुसऱ्या दिवशी क्रिएटिनीन ३.१, तिसऱ्या दिवशी १.९.

मी सकाळ-संध्याकाळ तासभर जायचे, कारण तो काही खाईना. मांजराने दोन-तीन दिवस खाल्लं नाही, त्यातून जाड मांजराने (पेढ्या ५.८ किलो, कबूल), तर लिव्हरमध्ये चरबी साठून दुसरंच दुखणं होतं. म्हणून उकडलेल्या चिकनचा लगदा घेऊन जायचा, बोटावर घेऊन वरच्या ओठाला लावायचा. गळ्यात ती प्लास्टिकची कॉलर, त्यात त्याचं तोंड म्हणजे कर्ण्यात पेढा ठेवल्यासारखं. पहिल्या दिवशी माझ्याकडे पाठ करून बसला. दुसऱ्या दिवशी बोट चाटलं. माझ्या शेजारी उभे असलेले दादा म्हणाले, "आला लायनीवर."

त्या तासांमध्ये मी जेवढं बघितलं तेवढं चार वर्षं मांजर पाळून कळलं नव्हतं. एक रिक्षावाले काका चपलांच्या खोक्यात तीन पिल्लं घेऊन आले, डोळे पण उघडले नव्हते, रिक्षाच्या सीटमागे मांजरी व्यायली आणि परत आलीच नाही म्हणे. दादांनी दूध पाजायच्या आधी त्यांना गरम पाण्याच्या बाटलीला टेकवून ठेवलं, गार पिल्लाला दूध पचत नाही. पाजून झाल्यावर ओल्या कापसाने मागून हलकं पुसलं की पिल्लू शू करतं, एरवी आई चाटून करवते, एवढ्या लहान वयात त्यांना आपली आपण येत नाही. रिक्षावाले काका तोंड उघडं टाकून बघत होते, मग म्हणाले, "म्हणजे हे मी दर दोन तासांनी करायचं?" आणि नेलीच त्यांनी ती पिल्लं घरी. एक बाई चौथ्या मजल्यावरून पडलेली मांजर घेऊन आल्या, जबडा फाटलेला पण जिवंत, खिडकीला जाळी नव्हती. एका मुलाने ताप आहे म्हणून मांजराला आपली पॅरासिटामॉलची अर्धी गोळी दिली होती. त्या मांजराच्या हिरड्या चॉकलेटी झालेल्या. मांजराच्या लिव्हरला ती गोळी निकामी करता येत नाही, रक्तच प्राणवायू वाहून नेईनासं होतं. मॅडम त्याच्यावर ओरडल्या नाहीत, पण तो मुलगा जिन्यात बसून होता ते मी जाईपर्यंत. ती मांजर वाचली का ते कळलं नाही, दुसऱ्या दिवशी तो पिंजरा रिकामा होता आणि माझी विचारायची हिंमत झाली नाही. त्या रात्री घरी आईंना सांगितलं, त्या गप्पच झाल्या, कारण पेढ्या ओरडत होता तेव्हा त्यांच्या हातात क्रोसिन होती, म्हणजे पॅरासिटामॉलच. "तू तूप म्हणून थांबवलंस म्हणून," म्हणाल्या. तूप त्यांनीच सुचवलेलं होतं पण मी काही बोलले नाही.

शुक्रवारी दुपारी नळी काढली. आता हा स्वतः करेपर्यंत सोडणार नाही, असं मॅडमनी आधीच सांगून ठेवलेलं, कारण पहिल्या काही दिवसांतच परत बंद व्हायची भीती जास्त असते. मी फळीखालच्या बाकावर बसून. एक वाजला, दोन, साडेतीन. ऑफिसचा कॉल चालू, कॅमेरा बंद, आणि माझं सगळं लक्ष आतल्या ट्रेकडे. पाच वाजायच्या जरा आधी आतून वाळू उकरायचा आवाज आला. दादा आतून ओरडले, "ताई, चालू झालं!" तिथे एक काका लॅब्राडॉर घेऊन नखं कापायला आले होते, चुकून आमच्या खोलीत डोकावले होते, त्यांनी टाळ्या वाजवल्या. कॉलवर माझा माइक चालू होता हे नंतर कळलं.

बिल १९ हजार ४०० झालं, त्यात सगळं आलं, तीन रात्री, रक्ताच्या चार तपासण्या, सोनोग्राफी. नवरा म्हणाला किबल घालून सोय बघून आपण काय मिळवलं. घरी आणताना मॅडमनी कागदावर लिहून दिलं आणि वर तोंडी पण बजावलं. कोरडं बंद, लघवीच्या त्रासाचं वेगळं ओलं खाणं मिळतं तेच, त्यात वरून दोन चमचे कोमट पाणी. लघवीची वाट सैल राहायची गोळी आणि दुखायची गोळी. पाण्याच्या वाट्या खाण्यापासून लांब आणि एकापेक्षा जास्त (पेढ्याने मातीचं भांडं आणि बाथरूममधली बादली पसंत केली, सहाशे रुपयांचं कारंजं नाही). एक मांजर असलं तरी ट्रे दोन. आणि रोज ढेकळं मोजायची, किती आणि केवढी. वाळूत शू केली की गोळा होतो तो लाडवाएवढा असला की ठीक, सुपारीएवढे सात-आठ दिसले तर फोन करा, एकही नाही तर फोन करू नका, सरळ या. परत परत झालं तर ऑपरेशन करून वाट रुंद करतात, असं पण सांगितलं. ते ऐकून आई म्हणाल्या, "म्हणजे बोक्याची मांजर करणार?" मॅडमना हसू आवरेना, "जवळपास तसंच, आजी."

त्या रात्री मी पेन शोधत होते, हाताला लाल लागलं, आणि लिहायला समोर कालनिर्णय होतं.

पाचव्या दिवशी पहाटे तीनला परत तेच. ट्रेमध्ये जाऊन बसला, बाहेर, परत आत. माझे हातपाय गार. पण या वेळी मी खाली बसून, मॅडमनी शिकवलं होतं तसा पोटाखाली हात घातला. मोसंबी नव्हती. काहीच नव्हतं, मऊ, रिकामं. ट्रेमध्ये मोबाइलचा टॉर्च मारला तर शेंगदाण्याएवढी तीन ढेकळं. तरी सहाला मॅडमना फोन केलाच, त्या म्हणाल्या सूज आहे म्हणून सारखी लागल्यासारखी वाटते त्याला, येतेय ना, मग बंद नाही, दुखायची गोळी चालू ठेवा आणि दहाला आणून दाखवा. त्या दिवशीच्या चौकोनात ११ लिहिलंय आणि पुढे उद्गारचिन्ह.

पुढच्या वर्षी गणपतीत आम्ही आतली खोली त्याला दिली. खिडकीला जुनी रजई ठोकली, एक ट्रे, पाणी, माळ्यावरचं एक खोकं, आणि दारावर आईंच्या अक्षरात कागद, "आत बोका आहे, दार उघडू नये." पोरं बाहेरून दाराखाली बोटं घालायची, तो आतून पंजा मारायचा, एवढंच काय ते. दहा दिवसांचे आकडे ३ आणि ४ च्याच मध्ये राहिले, विसर्जनाच्या दिवशी फक्त २.

मागच्या आठवड्यात आई नणंदेकडे साताऱ्याला गेल्या. रात्री फोन आला, दूध किती घेतलंस, एक की दीड, लिहिलंस का. लिहिलं म्हटलं.

"आणि त्याच्या किती?"

मी फोन घेऊन ट्रेपाशी गेले. "तीन. थांबा, आत जाऊन बसलाय."

आई फोन धरून थांबल्या.